न उघडलेलं पाकीट

मार्च उजाडला की कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधल्या माझ्या ऑफिसात इन्कम टॅक्सखेरीज दुसरा विषय नसतो. दोन खोल्या, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि चहाचा थर्मास. ज्याने त्याने आपापला ओतून घ्यायचा. ३१ मार्च २०२५, सोमवार. चारच्या सुमाराला एक तरुण जोडपं आलं. दोघंही कोथरूडची. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, म्हणून मी 'काका'. आदल्या ऑगस्टमध्ये त्यांनी घर घेतलं होतं. एकमजली, तीन बेडरूमचं, २१ लाख डॉलरचं. आमच्या सांता क्लारा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, याला साधं घर म्हणतात.

तिने कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. पगाराची कागदपत्रं, बँकेची पत्रं आणि एक बंद पाकीट.

"हे का नाही उघडलं?"

"ते जंक आहे, काका. घर घेतल्यापासून रोज असलंच येतं. डीडची, खरेदीखताची, प्रत काढून देतो, शंभर डॉलर द्या. सरकारी वाटावं असंच छापतात मेले."

तिचं खोटं नव्हतं. नवीन घरमालकाला असली पत्रं ढिगाने येतात. पण या पाकिटाच्या कोपऱ्यात काउंटीच्या कर खात्याचा पत्ता होता. मी किल्लीने कड फाडली. आत सप्लिमेंटल बिल, म्हणजे घरपट्टीचं पुरवणी बिल, १९,४७२ डॉलरचं, दोन हप्त्यांत. पहिला ९,७३६ चा, शेवटची तारीख ३१ मार्च. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"शक्यच नाही," तो म्हणाला. "प्रॉपर्टी टॅक्स बँक भरते. दर महिन्याला हप्त्याबरोबर एकवीसशे डॉलर कापून घेते, हे बघा." फोन माझ्यासमोर धरला. कापत होती, खरंच. पण बँक भरते ते वर्षाचं नेहमीचं बिल. सप्लिमेंटल बिल थेट मालकाच्या नावाने येतं आणि बहुतेक बँका त्याला हात लावत नाहीत. घर घेताना सह्या केलेल्या गठ्ठ्यात हे कुठेतरी लिहिलेलं असतं. तो गठ्ठा वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

तोवर त्याची नजर बिलावरच्या दोन आकड्यांवर गेली होती. नवं मूल्य २१,००,०००. जुनं १,४५,०००. जुन्या आकड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "काका, इथे एक शून्य राहिलंय."

शून्य राहिलेलं नव्हतं. घर विकणाऱ्या बाई सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे राहत होत्या. ६ जून १९७८ ला कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ हा घरपट्टीला लगाम घालणारा प्रस्ताव मंजूर केला. मूळ कर मूल्याच्या १ टक्का, वर मतदारांनी मान्य केलेल्या रोख्यांची थोडी भर. मूल्य धरायचं ते घर ज्या वर्षी हातात आलं त्या वर्षीचं, आणि पुढे वर्षाला वाढ फार तर २ टक्के. ज्यांचं घर आधीपासूनचं होतं, त्यांचं मूल्य १९७५ वर नेऊन ठेवलं. बाईंच्या दारासमोर ॲपल मोठी झाली, गूगल आली, शेजारपाजारच्या किमती आभाळाला टेकल्या, आणि त्यांचं घर काउंटीच्या वहीत दीड लाखाच्या आतच राहिलं. घराचा मालक बदलला की मात्र वही कोरी होते, बाजारभाव लागतो.

थर्मासशेजारच्या कागदावर मी मांडून दाखवलं. दोन मूल्यांतला फरक १९,५५,०००. त्यांच्या भागात सगळं धरून दर १.२ टक्के, म्हणजे वर्षाचे २३,४६०. करवर्ष जुलै ते जून. घर ऑगस्टमध्ये नावावर झालं, म्हणून हिशेब १ सप्टेंबरपासून, दहा महिन्यांचा. त्याला ०.८३ ने गुणायचं. आले १९,४७२. जानेवारी ते मे या काळात घेतलं असतं तर अशी दोन बिलं आली असती.

"रिटर्नमध्ये वजा होईल ना?" त्याचा आवाज खाली आला होता. नाही होणार. तेव्हाच्या नियमाने केंद्राच्या रिटर्नमध्ये राज्याचे आणि स्थानिक कर मिळून १० हजारांपर्यंतच वजा व्हायचे, आणि या दोघांच्या पगारावर कॅलिफोर्नियाच्या इन्कम टॅक्सनेच ती वाटी कधीच भरलेली.

ती इतका वेळ गप्प होती. "पुण्यात आईला स्वतः राहते म्हणून घरपट्टीत ४० टक्के सवलत मिळते. त्याचा पीटी-३ फॉर्म भरायला मीच गेले होते. इथे काही नाही?" आहे की. राहत्या घराच्या मूल्यातून ७,००० डॉलर वजा, म्हणजे करात वर्षाला साधारण ७० डॉलर. त्याचा फॉर्मही पिशवीतून कोराच निघाला. पूर्ण सवलतीची १५ फेब्रुवारी उलटून गेली होती. आता १० डिसेंबरच्या आत दिला तर ८० टक्के सूट, म्हणजे ५६ डॉलर. ती हसली. त्या दिवशीचं ते पहिलंच हसू.

काउंटीत घरांचं मूल्य ठरवणाऱ्या मूल्यनिर्धारकाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की कुठल्याही घराचं मूल्य दिसतं. मी हे सांगायला नको होतं. तिने डावीकडच्या शेजाऱ्यांचा पत्ता टाकला: १,५८,०००. उजवीकडचा: १८ लाख. तोच बिल्डर, तोच आराखडा, शाळा तीच, रस्त्यावरचे खड्डेही तेच. ती मोठ्याने वाचत होती, मग मनात वाचायला लागली. समोरच्या रांगेतलं शेवटचं घर येईपर्यंत तिने फोन पालथा घातला होता.

हा अन्याय आहे, असं माझं वीस वर्षांचं मत आहे. सत्तरच्या दशकात घरपट्ट्या इतक्या चढल्या होत्या की पेन्शनवर जगणाऱ्यांना घर विकायची पाळी येत होती, हेही मला ठाऊक आहे. तरीही.

पावणेपाच झाले. हप्ता चुकला तर १० टक्के दंड, म्हणजे ९७४ डॉलर. कार्डाने भरलं तर वर शुल्क लागतं, इ-चेकला नाही. त्याने माझ्याच कॉम्प्युटरवर बसून पार्सल नंबर, म्हणजे काउंटीच्या वहीतला घराचा क्रमांक, टाकला, दोनदा ताडून पाहिला आणि पैसे भरले. पावती छापताना प्रिंटर नेहमीप्रमाणे मध्येच अडला. दुसरा हप्ता ३१ जुलैचा. ती तारीख तिने त्याच फाटक्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिली.

जाता जाता त्याने दारात विचारलं, "काका, तुमचं घर कधीचं?"

"२०११ चं."

"मग तुम्हाला किती येतं?"

गोलमाल उत्तर तोंडावर आलं होतं. पण त्याच्या हातात ती पावती होती. "अकरा हजारांच्या आत," मी म्हणालो.

त्याने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजच्या कामाची फी त्यातूनच वळती करून घ्या," म्हणाला आणि थर्मासमधला उरलेला चहा ओतून घेतला.