पसरणी घाट, एक लिटरचं टर्बो आणि मायलेजची तक्रार

वाईत माझं गॅरेज आहे. दिवाळीच्या आधी एक पोरगा आला, गाडी एक लिटर तीन सिलेंडर टर्बो पेट्रोल, कामासाठी रोज पाचगणी-महाबळेश्वर करतो, म्हणाला दादा विकताना २० सांगितलं होतं, मला ११ च्या वर पडत नाही. आधी दोन ठिकाणी प्लग बदलून, थ्रॉटल बॉडी साफ करून झालेली आणि आता इंजेक्टर बदला म्हणत होते. राग आला मला, पोराचे कष्टाचे पैसे ते.

स्कॅनर लावला. फॉल्ट कोड नाही, फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलचं माप किती कमी-जास्त करतोय ते, २-३ टक्क्यात, टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप घट्ट. म्हटलं चल, पसरणी घाट चढू, तू चालव.

वळण संपलं रे संपलं की याचा पाय तळाला. स्क्रीनवर मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, ९० वरून थेट १९० किलोपास्कल, म्हणजे टर्बो जवळपास दुप्पट हवा कोंबतोय, आणि हवा दुप्पट तर पेट्रोलही दुप्पट, कारण १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ताकद काही फुकट येत नाही. पण खरी गोष्ट पुढे होती, लॅम्बडा १ वरून ०.८६ वर घसरला! लॅम्बडा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे बरोब्बर, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त. टर्बोचं टर्बाइन आणि धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर फार तापू नयेत म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मुद्दाम जास्तीचं पेट्रोल सोडतो, त्यातलं बरंच पुरतं जळत पण नाही, नुसतं गारव्यासाठी जातं. टेबललँडच्या फाट्यापर्यंत ७.८ पडलं.

खाली येऊन मी स्टिअरिंगवर बसलो. तिसरा गिअर, २००० ते २५०० आरपीएम, पाय हलका, प्रेशर १२०-१३० च्या आसपास आणि लॅम्बडा बहुतेक वेळ १ वर. १०.४. वेळ फक्त चारेक मिनिटं जास्त लागला. सपाट रस्त्यावर तर हेच इंजिन ५० किलोपास्कलवर चालतं, टर्बो जवळजवळ आरामात, छोटं इंजिन म्हणून घर्षण कमी, पेट्रोल वाचतं ते तिथे. गाडी विकताना हे कुणीतरी सांगायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पोरगा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला दादा एकदा मी परत चढवू का. बूट काढून बसला. ९.९ आलं, आणि वर पोचल्यावर टर्बो गार व्हायला मिनिटभर इंजिन चालू ठेवलं, मी न सांगता.