मिगची नोंद : भांडुपचा गाळा, पाच रविवार आणि वारा

पाच रविवार झाले, मी मिग वेल्डिंग शिकते आहे. यात हातातल्या टॉर्चमधून वायर सतत पुढे येऊन वितळते आणि सोबत येणारा गॅस तिला हवेपासून झाकतो. मशीन, गॅस, वायर सगळं हाताशी असूनही पहिल्या तीन रविवारी एक जोड सोडला तर माझा एकही धड उतरला नाही. त्यातला सगळ्यात जास्त वेळ वाऱ्याने खाल्ला, म्हणून या नोंदीत वारा जास्त आहे.

जागा मामेभावाच्या गाळ्याची. दादा आठवडाभर तिथे ग्रिल आणि गेट बनवतो, सगळं रॉडवर, म्हणजे लेप दिलेल्या कांडीच्या वेल्डिंगवर. रविवारी शटरजवळचा कोपरा माझा. मशीन सिंगल फेजचं, २०० अँपिअरचं. काम म्हणजे गच्चीतल्या कुंड्यांसाठी तीन मजली स्टँड. पाइप चौकोनी, २५ मिमी, जाडी २ मिमी.

आधी विजेचं. एवढं मशीन पूर्ण ताकदीवर चालवलं तर ३० अँपिअरच्या पुढे ओढू शकतं, घरातल्या १६ च्या सॉकेटचं ते काम नव्हे. मी ८० अँपिअरच्या आसपास काम करते, तेव्हा ओढ फार तर ११-१२ असते. तरी दादाने वायरमनला बोलावून ३२ चा एमसीबी आणि तांब्याची ४ स्क्वेअरची वायर वेगळी टाकून घेतली, अर्थिंगही मोजून घेतलं. पावसात गाळ्याची लादी घाम आल्यासारखी ओली होते. पायाखाली रबराची मॅट आणि हातात कोरडे चामडी हँडग्लोज असल्याशिवाय मी टॉर्च उचलत नाही.

पहिला रविवार पोलॅरिटीत, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जोडणीत गेला. मशीन आलं तेव्हा ते बिनगॅसच्या फ्लक्स वायरसाठी जोडलेलं होतं, म्हणजे टॉर्च निगेटिव्हला. मी बसवली ०.८ मिमीची साधी वायर, ईआर ७० एस ६, आणि वर गॅस. आर्क, म्हणजे वायर आणि पाइप यांच्यातली विजेची ज्योत, थयथयत होता, शिंतोडे चहूकडे, आणि धातू पाइपावर दोरी ठेवल्यासारखा नुसता वर बसलेला. हातोडीच्या एका ठोक्याने जोड सुटला. झाकण उघडून आतला तक्ता वाचला तेव्हा कळलं. गॅस आणि साध्या वायरीला टॉर्च पॉझिटिव्ह, पाइपाला लावायचा क्लॅम्प निगेटिव्ह. प्लग काढून दोन नट बदलले, पाच मिनिटांचं काम. नवीन मशीन घेणाऱ्याने सगळ्यात आधी हेच बघावं.

दुसऱ्या रविवारी वायरचा गुंता. वायर पुढे ढकलणाऱ्या रोलरला दोन खाचा असतात, ०.८ आणि १.०. माझी वायर मोठ्या खाचेत बसली होती, ती घसरायची म्हणून मी दाब वाढवत गेले आणि शेवटी रोलरपाशी वायरचं घरटं झालं. आता मी दाब लाकडावर तपासते. टॉर्चचं तोंड कोरड्या फळीपासून दोन बोटं धरायचं, हँडग्लोज घालून, मग ट्रिगर दाबायचा. वायर फळीला टेकून वाकत पुढे येत राहिली तर दाब बरोबर. थांबली तर कमी. यासाठी मशीन चालू असावं लागतं, म्हणून क्लॅम्प मात्र पाइपापासून लांब ठेवा, कारण ट्रिगर दाबला की वायरीत वीज असते. स्पूल बदलताना वायरचं टोक क्षणभरही सोडू नका, सगळी स्प्रिंगसारखी उसळते. टोक सरळ कापून कानशीने गोल केलं की लायनरमध्ये, म्हणजे टॉर्चच्या केबलमधल्या नळीत, अडत नाही.

मग तिसरा रविवार. आवाज छान होता, तव्यावर बोंबील टाकल्यावर येतो तसा सलग चुरचुर. हेल्मेटची काच वर केली तर जोडाला आंबोळीसारखी जाळी पडलेली. गंज घासला, गॅस मिनिटाला १२ वरून १५ लिटर केला, नोझल साफ केलं, तरी जाळी तशीच. गॅस आणखी वाढवणं उलटं पडतं, तो नोझलमधून घुसळत निघतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. दोष होता माझ्या मागच्या पेडेस्टल फॅनचा आणि अर्ध्या उघड्या शटरमधून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याचा. वितळलेल्या धातूवर गॅसचं पातळ पांघरूण असतं. हलका वारासुद्धा ते उडवतो आणि हवा आत शिरते. रॉडला हे फारसं बाधत नाही, कारण तिथे संरक्षण लेपातून तयार होतं. म्हणून दादाला इतकी वर्षं फॅन खुपला नव्हता.

मी फॅन बंद केला आणि शटर खाली ओढलं. जोड एकदम स्वच्छ आला. वीस मिनिटांत डोकं जड झालं. दादाने आत येऊन पहिली गोष्ट काय केली तर शटर वर. "तायडे, जोड नंतर बघू, आधी बाहेर ये." त्याचं बरोबर होतं. माझा गॅस आर्गन ८० टक्के आणि कार्बन डायऑक्साइड २० टक्के. दोन्ही हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साचतात आणि प्राणवायूची जागा घेतात. वास येत नाही, आर्गनची तर चाहूलही लागत नाही. शिवाय धूर वेगळा.

उपाय चौथ्या रविवारी सापडला, भंगारात पडलेल्या लोखंडी कपाटाच्या दाराच्या रूपात. ते शटर आणि टेबलाच्या मध्ये उभं करून बांधलं. शटर पूर्ण उघडं, मागच्या भिंतीतला एक्झॉस्ट चालू, पेडेस्टल फॅन बंद. वारा दाराला वळसा घालून मागे जातो, धूर ओढून नेतो, जोडापर्यंत पोचत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांच्या डोळ्यांवर आर्कचा उजेडही जात नाही. यासाठी निळी ताडपत्री लावू नका, ती पेटते.

धुराबद्दल एक. दारूखान्याच्या भंगार बाजारातून आणलेल्या तुकड्यांत एक पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, निघाला. आर्क लागताच पांढरा धूर आणि कापसासारखे धागे उडाले, तेव्हाच थांबले. जस्ताच्या त्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. गाळ्यात यावर गूळ खाण्याची रीत आहे. गूळ मीही खाते, पण तो धूर छातीतून काढत नाही. एन ९५ मास्क हेल्मेटखाली बसतो, तो लावा, आणि बिनमुलाम्याचा काळा पाइपच घ्या. ब्रेक क्लीनरने पाइप पुसणं तर पूर्ण टाळा. क्लोरीनवाला क्लीनर असेल तर आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होऊ शकतो.

हेल्मेटच्या काचेचा काळेपणा मी १० नंबरवर ठेवते. कॉलर वरपर्यंत बंद, कपडे जाड सुती. पहिल्या दिवशी गळा उघडा राहिला होता, तिथे उन्हाने भाजावं तशी कातडी सोलवटली. डोळ्यांचं दुखणं लगेच कळत नाही, रात्री वाळू गेल्यासारखे टोचतात.

आता चालतंय ते असं. २ मिमीला १७.५ व्होल्ट, गॅस १२ लिटर, वायर टॉर्चच्या टोकातल्या टिपेबाहेर १० ते १२ मिमी, टॉर्च थोडी तिरकी धरून पुढे ढकलत. आधी चारही कोपऱ्यांना टाके, गुण्याने काटकोन बघून मग समोरासमोरचे जोड, नाहीतर चौकट ओढली जाते. १० लिटरचा सिलिंडर १५० बारला भरला की १५०० लिटर गॅस, म्हणजे आर्कचे साधारण दोन तास. तो भिंतीला साखळीने उभा बांधलेला असतो.

काल तीनही चौकटी पूर्ण झाल्या. एक तुकडा मुद्दाम कापून पाहिला, धातू आतपर्यंत गेलेला दिसला. काम संपल्यावर अर्धा तास मी गाळ्यातच बसते, कोपऱ्यातल्या चिंध्यांत ठिणगी राहिलेली नाही ना बघत. तेवढ्यात सिलिंडरचा व्हॉल्व बंद करून रेग्युलेटर रिकामा करते, स्पूल काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात टाकते. मुंबईच्या पावसाळ्यात मशीनमध्येच राहिलेल्या वायरीवर गंज चढायला वेळ लागत नाही, आणि तो गंज लायनरमध्ये जातो.

पुढच्या रविवारी स्टँडचे पाय. ते उभे जोड आहेत, म्हणून आधी उरलेल्या पाइपांवर वरून खाली ओढायचा सराव करणार आहे.