कोल्ड रूमपासून वाळूतल्या खोलीपर्यंत : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा कोल्ड रूमचा. वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ होतं, ऑइल इंजिनाचे सुटे भाग तिथं व्हायचे. कोल्हापूरचे जुने नामवंत कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव आदरानं घेत ज्या पिढीनं हत्यार हातात धरलं, त्या पिढीतले ते. मी पफ पॅनेलकडं, म्हणजे पॉलियुरेथेन फोमच्या पॅनेलकडं वळलो. तासगावच्या बेदाण्यासाठी, दुधासाठी, आइस्क्रीमसाठी खोल्या बांधल्या. गारवा आत धरून ठेवायचा, हेच काम वर्षानुवर्षं केलं. त्यामुळं कोल्हापुरातून राजस्थानच्या सहली नेणारे एक गृहस्थ शिरोलीच्या शेडवर आले आणि म्हणाले, “जैसलमेरजवळ वाळूत आमचा मुक्काम असतो. तंबूत दिवसा भाजून निघतो, रात्री दात वाजतात. तुमच्या पॅनेलची एखादी खोली होईल का? पण चार माणसांनी उभी करता आली पाहिजे आणि परत काढता आली पाहिजे,” तेव्हा मला ते काम ओळखीचं वाटलं. गार आत ठेवायचं की ऊन बाहेर, फोमला दोन्ही सारखंच.

अडचण वजनाची होती. कोल्ड रूमच्या पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. ८ फूट बाय ४ फुटांचा असा एक पॅनेल २५ किलोच्या वर जातो. पत्रा काढून नुसती फॉइल चिकटवलेली ३० मिलिमीटरची शीट घेतली, तर तीच गोष्ट साडेतीन-चार किलोत बसते. एक पोरगं काखेत धरून चालतं.

आकार आम्ही शोधलेला नाही, हे आधीच सांगतो. विनय गुप्ता यांनी ‘हेक्सायर्ट’ नावाची सहा बाजूंची खोली आखली आणि कुणीही बनवावी म्हणून खुली ठेवली. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात बर्निंग मॅन नावाच्या उत्सवाला जाणारे लोक अशा खोल्या करून राहतात. मी कागदावर काढून बघितली आणि तिच्या हिशोबाच्या प्रेमातच पडलो. एकूण १२ शीटा. सहा आडव्या ठेवल्या की ४ फूट उंचीच्या भिंती झाल्या. उरलेल्या सहा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या कापायच्या, प्रत्येकीचे दोन त्रिकोण ८ फुटी बाजूंनी जोडायचे, की छताची एक पाकळी तयार. जोडताना एक तुकडा पालथा घालावा लागतो, म्हणून फॉइल दोन्ही अंगांना हवीच. आत १६६ चौरस फूट जागा होते, मधली उंची बरोबर ८ फूट येते आणि कापाकापीत वितभर तुकडाही वाया जात नाही. दारातून मात्र वाकून जावं लागतं.

कापायला आमच्या मेस्त्रींनी आधी थर्माकोलची तापलेली तार काढली. थर्माकोल तारेनं वितळतो, पफ वितळत नाही, जळतो आणि विषारी धूर सोडतो. तार लगेच बंद केली. आता बारीक दातांच्या करवतीनं कापतो, तोंडाला मास्क लावून. कापलेली कड उघडी ठेवायची नाही. ऊन लागलं की फोम पिवळा पडतो आणि बोटानं चोळला तर पिठासारखा झडतो. प्रत्येक कडेला टेप.

टेपचं काम आमच्याकडं दोन बायका करतात. आत काचेचे धागे असलेली फिलामेंट टेप, जी सांधाही जोडते आणि बिजागरीही होते. टेप लावल्यावर अंगठ्यानं दाबत दाबत पुढं जायचं, खाली हवेचा फुगा राहिला की तो सांधा नापास. फॉइलवर धुळीचा हात जरी लागला, तरी ती धरत नाही. म्हणून जवळजवळ सगळे सांधे इथंच शेडमध्ये होतात, खोली घडी घालून जाते आणि जागेवर थोडेच सांधे उरतात. घडी ८ फुटांची असल्यानं छोटा हत्ती टेंपोत ती मागचा फाळका खाली सोडूनच बसते.

पहिली खोली आम्ही पन्हाळ्याच्या पायथ्याला मेव्हण्यांच्या रानात उभी केली. मे महिना होता. सहा कोपऱ्यांना फूटभर लांबीच्या सळ्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. दुपारी आत बसून आतल्या फॉइलला हात लावला तर ती गार होती, बाहेरची मात्र डोळे दिपवत होती. चारच्या सुमाराला वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग वारा. मी दोरी धरायला धावलो तोवर एक सळी मातीसकट वर आली, खोली एका बाजूनं उचलली गेली आणि कोलांट्या खात शेजारच्या उसाच्या फडात शिरली. तीन पॅनेल मोडले. टेप कुठंही सुटली नव्हती. फोम मोडला होता.

त्या रात्री हिशोब मांडला, जो आधीच मांडायला हवा होता. ताशी ६० किलोमीटरचा वारा या खोलीच्या एका भिंतीवर ५० किलोच्या आसपास रेटा देतो. भिंत साडेतीन किलोची. म्हणजे खोली हलकी करायचं कौशल्य आम्ही मिळवलं होतं आणि तिला जमिनीला धरून ठेवायचं काम अजून सुरूच केलं नव्हतं.

पुढचे दोन महिने त्यातच गेले. दोरी नुसती कोपऱ्याला बांधली तर फॉइल फाटते, म्हणून भिंत आणि छत मिळतं तिथून सगळीकडून एक दोरीचं कडं फिरवलं आणि ताण त्या कड्यावर घेतला. दोरी जिथं टेकते तिथं प्लायवूडची पट्टी. राहिला प्रश्न वाळूचा. आमच्या मातीतसुद्धा न टिकलेली सळी वाळूत काय टिकणार? मेस्त्री म्हणाले, “मालक, सळी न्हाई. खताची पोती भरा आनि पुरा. वाळूच वाळूला धरंल.” वाळूनं भरलेलं पोतं दोन फूट खोल पुरायचं, दोरी त्याच्या पोटाला बांधायची, वरून वाळू लोटून पायानं दाबायची. पंचगंगेच्या काठी वाळूत करून बघितलं. तिघांनी ओढलं, हललं नाही.

जैसलमेरच्या पश्चिमेला साम इथं वाळूच्या टेकड्या आहेत, तिथल्या मुक्कामाला मी स्वतः पहिल्या दोन खोल्यांबरोबर गेलो. पहाटे थंडीत बाहेर शाल घेऊन उभं राहवत नव्हतं आणि आत माणसं नुसत्या चादरीत झोपली होती. पण आणखी एक गोष्ट तिथंच कळली. बसल्या जागी माणूस साधारण १०० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता देतो. सहा जण दार लावून बसले की खोली स्वतःच्या माणसांनी तापते, पहाटे आतल्या फॉइलवर घामासारखं पाणी धरतं. आता खाली दोन आणि वर एक झरोका ठेवतो, वाळू येऊ नये म्हणून जाड कापडाचा पडदा लावून.

गिऱ्हाइकाशी मी एकाच बाबतीत कडक बोलतो. पफ पेट घेतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायूही असतो. आत शेगडी नाही, मेणबत्ती नाही, विडी-सिगारेट नाही. शेकोटी लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. दार आतून एका धक्क्यात उघडलं पाहिजे, कुलूप-कडी बसवून देणार नाही. एका गिऱ्हाइकानं आत छोटा गॅस ठेवायची सोय मागितली, ती ऑर्डर मी परत केली. घरात त्या महिन्याचा पगार कसा निघणार ही काळजी होती, तरी परत केली.

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शिरोळ तालुक्यातली गावं रिकामी करावी लागली. ते आठवून लोक विचारतात, या खोल्या पूरग्रस्तांना का देत नाही? मनात माझ्याही ते आहे. पण कुटुंब आलं की चूल आली, रांगती पोरं आली, आणि उघड्या फॉइलच्या खोलीत मी ते करू देणार नाही. औषधं ठेवायला, तपासणीला बसायला डॉक्टरांना मात्र ती चालेल, आणि सध्या त्याच खोलीवर काम चालू आहे.

तिचा अडसर शेंडा आहे. सहा पाकळ्यांची टोकं जिथं एकत्र येतात तिथं वाळवंटात काही बिघडत नाही, कोल्हापूरच्या जुलैत मात्र तिथूनच थेंब पडतो. आतापर्यंत दोन प्रकारच्या टोप्या करून झाल्या. तिसरी फायबरची आहे, परवा बसवली. खोली शेडच्या अंगणात उघड्यावर उभी आहे आणि खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली आहेत. सकाळी आल्यावर शेडचं शटर उघडायच्या आधी मी तिथं वाकून कागद चाचपतो.