बाभळीच्या निखाऱ्यावरचे पोर्क

माझा केटरिंगचा व्यवसाय लग्नाच्या पंगती आणि हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या यांवर चालतो, त्यामुळे फळांच्या पाकात चकाकणारे भाजलेले पोर्क हवे अशी मागणी भुसावळातून आली, तेव्हा माझ्या मदतनिसांनी एकमेकांकडे पाहिले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका ख्रिस्ती गृहस्थांची मुलगी ऑक्टोबरात इंग्लंडहून आली होती आणि तिकडे सफरचंदांच्या हंगामात करतात तसे जेवण तिला इथे घडवायचे होते. माझी भांडी शाकाहारी पंगतींनाही जात असल्याने स्वयंपाक त्यांच्याच घरी, त्यांच्याच भांड्यांत करायचे ठरले.

मांस पुण्याहून बर्फाच्या पेटीत आले होते. खांद्याचा अडीच किलोचा तुकडा मी मागवला होता, कारण त्यातली चरबी आणि चिवट तंतू मंद आचेवर विरघळले की मांस कोरडे पडत नाही. फळांबद्दल मात्र घरातल्या प्रत्येकाचे वेगळे मत होते. एका नातलगांनी अननसाच्या कच्च्या रसात मांस रात्रभर मुरवायला सुचवले, ते मी नाकारले. त्या रसातले ब्रोमेलिन हे विकर (एन्झाइम) प्रथिने तोडते आणि सकाळपर्यंत मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. रावेरहून आलेल्या केळ्यांना नाही म्हणणे कठीण होते, पण केळ्याला आंबटपणा बेताचाच आणि डुकराच्या चरबीला तर आंबट हवेच, म्हणून अर्धकच्ची केळी चरबीत वेगळी परतून बाजूला वाढायचे ठरवले. पाकासाठी आंबिया बहाराची, सालीवर अजून हिरवट छटा असलेली संत्री घेतली. त्यांचा रस आटवून निम्मा केला आणि त्यात गूळ, व्हिनेगर, वाटलेली मोहरी, सुंठ, लवंग व मीठ घातले. चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतका तो दाट झाला.

हा पाक सुरुवातीलाच लावायचा मोह बहुतेकांना होतो. फळांतले फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच रंग धरू लागते, त्यामुळे तासन्‌तास भट्टीत राहिलेला पाक मांस शिजण्याआधी काळा आणि कडू होतो. म्हणून मांस प्रथम झाकून, थोड्या पाण्यावर, विजेच्या ओव्हनमध्ये १५० अंशांना शिजवायचे आणि पाक शेवटच्या अर्ध्या तासात थराथराने चढवायचा, असा माझा बेत होता.

मांसाच्या मध्याचे तापमान ९० च्या जवळ पोचले, मी झाकण काढले, पहिला हात फिरवला, आणि वीज गेली. पाहुणे येऊन बसले होते. यजमानीणबाई म्हणाल्या, “भाऊ, आता तसेच कापून वाढा.” मांस शिजलेच होते, तेव्हा त्यांचे चूक नव्हते, पण वरून पाक ओलाच होता.

अंगणात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, भारा होता. पऱ्हाट्यांचा जाळ भरताला उत्तम, पण त्याचा निखारा टिकत नाही, म्हणून शेजारून बाभळीची लाकडे आणवली. तुकडा जाड बुडाच्या पातेल्यात ठेवला, भोवती सफरचंदाच्या फोडी लावल्या, वर बिडाचा खोलगट तवा झाकला आणि जवळजवळ सगळे निखारे त्या तव्यावरच पसरले. खाली पातेले गार पडू नये इतपतच ठेवले. दर आठ-दहा मिनिटांनी तवा चिमट्याने उचलून, टॉर्चच्या उजेडात पाकाचा हात फिरवत गेलो. तिसऱ्या थराला पाकाला बारीक बुडबुडे आले, ते फुटून पृष्ठभाग ताणला गेला आणि चरबीवर तपकिरी, काचेसारखी झिलई धरली. असा सरळ वरून येणारा कोरडा ताव ग्रिल नसलेला घरगुती ओव्हन देत नाही, असे माझे मत त्या रात्री पक्के झाले. सफरचंदाच्या वरच्या बाजूंनी थोडा जास्त रंग घेतला होता, तो मला आवडला.

उतरवल्यावर वीस मिनिटे मी कोणाला सुरी लावू दिली नाही, कारण लगेच कापले असते तर सगळा रस पाटावर वाहून गेला असता. मुलीने पोर्क बटाट्यांबरोबर खाल्ले; तिच्या वडिलांनी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मागवून पातेल्याच्या तळाशी उरलेला पाक तिच्यावर पुसून घेतला. नाताळासाठी त्यांनी हेच पुन्हा सांगितले आहे, आणि वीज असली तरी बाभळीची लाकडे आधी आणून ठेवा, असे मी त्यांना कळवले आहे.