पॅसेंजर सोडून कार्गो का घेतलं, आणि ऑफर लेटरमध्ये मी काय बघितलं

गावाकडं गेलो की हल्ली एकच प्रश्न येतो. शारजात घर होतं, प्रवाशांच्या चांगल्या एअरलाइनमध्ये पायलट होतास, ते सगळं सोडून कार्गोत, म्हणजे मालवाहू विमानांवर, कशाला गेलास. थोरले काका तर सरळ म्हणाले, "काय गा, माणसं न्ह्यायची सोडून आता खोकी न्हेतोस व्हय?" त्यांना तिथं अंगणात बसून नीट सांगता आलं नाही कारण विषय मोठा आहे, आणि सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या एअरपोर्टवर, फ्लाइंग स्कूल झाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरंही या धंद्याची चौकशी करायला लागलीत, तीही हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे कार्गो ही एकच नोकरी आहे असं समजू नका. फेडेक्स, यूपीएस, डीएचएल ही एक्सप्रेसवाली मंडळी वेगळी. फेडेक्सनं १९७३ ला मेम्फिसमधून सुरू केलं तेच गणित आजही चालतं, सगळीकडची विमानं रात्री एका हबला, म्हणजे मुख्य केंद्राला, उतरणार, माल सॉर्ट होणार आणि उजाडायच्या आत परत निघणार. यूपीएसचं लुईव्हिल, डीएचएलचं लाइपझिग, सगळीकडं तेच. म्हणजे तिथं नोकरी घेतली की रात्र तुमची नाही, पण बऱ्याचदा रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, ठरलेलं असतं, आज कुठं झोपणार ते आधी माहीत असतं. दुसरे कार्गोलक्स, कॅथे, कतार, सिंगापूर यांच्या फ्रेटरवरचे, म्हणजे फक्त माल नेणाऱ्या विमानांवरचे लोक. तिथं लांब पल्ला, एकदा निघालं की आठ-दहा दिवस बाहेर, आज हाँगकाँग, मग अँकरेज, मग शिकागो, शरीराला कुठल्या देशाचं घड्याळ धरायचं तेच कळत नाही. आणि तिसरे एटलससारखे, जे विमान, क्रू, मेंटेनन्स आणि इन्शुरन्स असं सगळं एकत्र दुसऱ्याला भाड्यानं देतात. त्यात यंदा कुणाचं काम चाललंय त्यावर तुमचं आयुष्य ठरतं, ते कॉन्ट्रॅक्ट संपलं की रूट बदलले, रूट बदलले की रोस्टर बदललं. पोरं पहिलाच प्रश्न पगाराचा विचारतात, पण यातली कुठल्या प्रकारची कंपनी आहे ते कळल्याशिवाय पगाराच्या आकड्याला काही अर्थच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता माझं सांगतो. २०२० नं माझे डोळे उघडले. त्या वर्षी जगभरातली प्रवासी वाहतूक आधीच्या वर्षापेक्षा ६५.९ टक्क्यांनी घटली आणि हवाई मालवाहतूक फक्त १०.६ टक्क्यांनी, हे आयएटीए या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे आकडे आहेत. आम्ही बिनपगारी रजेवर घरात बसलेलो, गल्फमध्ये व्हिसा नोकरीला बांधलेला, भाडं चालू, शाळेची फी चालू, आणि खिडकीतून बघतोय तर फ्रेटर येतायत जातायत. तेव्हा प्रवासी विमानांच्या सीटवर सुद्धा मास्क आणि पीपीई किटची खोकी बांधून न्यायला लागले होते. एरवी जगातला साधारण निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो, ती विमानंच उभी राहिली म्हटल्यावर फ्रेटरला काम मिळणारच होतं. पण यावरून कार्गो म्हणजे कायमची सुरक्षित नोकरी असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०२३ मध्ये मागणी उतरली आणि फेडेक्सकडे पायलट जास्त झाले, यूपीएसनं वेळेआधी निवृत्ती घेणाऱ्यांना पैसे देऊ केले. दोन्हीकडं चढउतार आहेत, फक्त त्यांची वेळ एक नसते.

मग मी गेलो कशासाठी, तर सुट्टी ज्या पद्धतीनं मिळते त्यासाठी. प्रवासी एअरलाइनमध्ये मला महिन्यात सुट्ट्या होत्याच की, पण एक इथं, दोन तिथं, अशा विखुरलेल्या. एका दिवसात शारजाहून बेळगावला जाऊन परत येता येत नाही, दोन दिवसांत गेलं तरी आईच्या हातचं एक जेवण आणि परत बॅग. कार्गोत बऱ्याच ठिकाणी कम्युटिंग कॉन्ट्रॅक्ट मिळतं, म्हणजे सलग वीस दिवस काम आणि सलग दहा दिवस घरी, किंवा कुठं पंधरा-पंधरा, कुठं आणखी वेगळं, आणि घरी म्हणजे खरंच आपल्या देशात आपल्या घरी. बायकोशी बोललो, ती म्हणाली, "रोज रात्री येऊन नुसतं झोपणारा माणूस नको, दहा दिवस पूर्ण जागा असणारा चालेल." निर्णय तिथंच झाला म्हणा.

पण इथंच सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं आहे. ऑफर लेटरमध्ये "दहा दिवस ऑफ" लिहिलेलं असतं, ते दहा दिवस कुठून मोजतात ते विचारा. काही कंपन्या बेसला, म्हणजे जिथून तुमची ड्यूटी सुरू होते तिथं, ड्यूटी संपली की दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरू करतात, म्हणजे तुमचा प्रवास तुमच्या सुट्टीतून. काही ठिकाणी तुम्ही तुमच्या गेटवेला पोचल्यावर मोजणी चालू होते. गेटवे म्हणजे कंपनी तुम्हाला ज्या एअरपोर्टपर्यंत तिकीट देते तो. ते तिकीट कन्फर्म आहे की सीट असेल तर बसा असलं स्टँडबाय आहे, हेही लिहून घ्या, कारण गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईच्या फ्लाइटला स्टँडबायवर कुणी बसवत नाही. आपल्या भागातल्या माणसाला तर याचा दुप्पट हिशोब आहे. मुंबई गेटवे घेतला तर पुढं बेळगावची फ्लाइट मिळाली तर मिळाली, नाहीतर रात्रभर बस, कोगनोळी नाका ओलांडेपर्यंत अर्धी सुट्टी गेल्यासारखं वाटतं. मी गोव्यातला मोपा मागून घेतला. २०२३ च्या जानेवारीत ते एअरपोर्ट चालू झालं आणि आमच्यासाठी मोठी सोय झाली, पावसाळ्यात चोर्ला घाटाचा रस्ता बघून तासभर जास्त धरायचा एवढंच. कंपनीनं आधी मुंबईच म्हटलं होतं, मी दोन मेल केले, नकाशा जोडला, मिळालं. मागितल्याशिवाय यातलं काही मिळत नाही.

रात्रीबद्दल बोलायलाच पाहिजे. आमच्या घरात रात्रीचं काम नवीन नाही, आप्पा कितीतरी वर्षं बेळगावच्या मार्केटातून भाजी भरून रात्री चोर्ल्यातून म्हापशाला गाडी न्यायचे, सकाळी येऊन झोपायचे आणि आई आम्हाला दुपारी अंगणात ओरडू द्यायची नाही. ती झोप किती किमतीची असते ते मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून कार्गोत नियम काय आहेत ते मी अक्षर न अक्षर वाचलं. आणि देशागणिक फरक आहे. अमेरिकेत पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम २०११ च्या शेवटी आले, २०१४ च्या जानेवारीत लागू झाले आणि त्यातून कार्गोला वगळलं. त्या मधल्या काळात, १४ ऑगस्ट २०१३ ला, यूपीएसचं ए ३०० विमान पहाटे अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला उतरताना धावपट्टीच्या अलीकडंच कोसळलं, दोन्ही पायलट गेले. तपासात बाकी कारणांबरोबर थकवाही निघाला, आणि निघायच्या आधी त्या दोघांचं कार्गोच्या विश्रांतीच्या नियमांबद्दलच बोलणं झालेलं व्हॉइस रेकॉर्डरवर आहे. हे वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती. युरोपात असं नाही, तिथं प्रवासी असो की माल, ड्यूटीच्या मर्यादा एकच. भारतातही डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं २०२५ मध्ये टप्प्याटप्प्यानं नियम कडक केले, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली. म्हणून कंपनीचा पत्ता कुठला यापेक्षा तिचं एओसी, म्हणजे विमानं चालवायचा परवाना, कुठल्या देशाचं आहे ते बघा, कारण तुमची झोप त्या देशाच्या कायद्यानं ठरते. रात्रपाळीनं शरीराचं घड्याळ बिघडतं ते कॅन्सरला बहुधा कारण ठरतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००७ मध्येच वर्गीकरण केलंय, हे घरच्यांना सांगूनच सही केली.

दुसरी गोष्ट मालाची. प्रवासी विमानात मागं माणसं असतात आणि काही झालं तर केबिन क्रू सांगतो. इथं मागं कुणी नाही. ट्रिपल सेव्हनच्या, म्हणजे बोईंग ७७७ च्या, फ्रेटरमध्ये शंभर टनांच्या आसपास माल असतो, मेन डेकवर, म्हणजे वरच्या मोठ्या मजल्यावर, आग विझवायची यंत्रणा नसते, हवेचा दाब कमी करून आगीला ऑक्सिजन कमी पाडायचा आणि लवकरात लवकर उतरायचं, हीच पद्धत. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली, कॉकपिट धुरानं भरलं, परत दुबईला आणताना विमान पडलं, दोघंही गेले. गल्फमध्ये राहणाऱ्या प्रत्येक पायलटला ती गोष्ट माहीत आहे. २०१३ मध्ये अफगाणिस्तानात बगरामला ७४७ उडताच आतली लष्करी गाडी सुटून मागं सरकली, सातही जण गेले. म्हणून धोकादायक मालाची यादी, ज्याला आम्ही नोटॉक म्हणतो, ती मी सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचतो, आणि माल चढवून बांधून घेणाऱ्या लोडमास्टरला खाली जाऊन भेटतो, उशीर झाला तरी चालेल. इंटरव्ह्यूत मी कंपनीला उलट विचारलं होतं की बॅटऱ्यांचा माल कोण तपासतं, कॅप्टननं माल नाकारला तर पुढं काय होतं. त्यांनी नीट उत्तर दिलं. ते उत्तर मला पगारवाढीपेक्षा मोठं वाटलं.

आणि काम सुंदर आहे हो. नैरोबीहून निघालेली गुलाबं, घोडे आणि त्यांच्याबरोबर त्यांचा सांभाळ करणारा माणूस, एक दिवसाची कोंबडीची पिल्लं, लसी, मशिनचे भाग. किमतीनं बघितलं तर जगाच्या व्यापारातला साधारण एक तृतीयांश माल हवेतून जातो, वजनानं एक टक्कासुद्धा नाही. आपल्या हत्तरगीला एक्वस कंपनीच्या एसईझेडमध्ये एअरबस आणि बोईंगसाठी सुटे भाग बनतात, ते बनवणारी पोरं आपल्याच गावातली. मी कुठल्याही विमानाकडं बघतो तेव्हा यात संकेश्वर-हुक्केरीच्या कुणाच्या तरी हातचं काम असेल असं मनात येतंच. काकांना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, "असं सांग की मग."

विमान कुठलं घ्यायचं यावर माझं मत पक्कं आहे. मला ७४७ ची ऑफरही होती, लहानपणापासून त्या विमानाचं वेड, तरी नाही घेतलं. शेवटचं ७४७ बोईंगनं ३१ जानेवारी २०२३ ला एटलसला दिलं, आता ते बनत नाही. फ्रेटर अजून खूप वर्षं उडतील, पण उद्या प्रवासी एअरलाइनकडं परत यायचं झालं तर ७४७ चं रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची परवानगी, घेऊन जायला दारं फार थोडी उरलीत. ट्रिपल सेव्हनचं रेटिंग फ्रेटरला आणि प्रवासी विमानाला एकच. मुलं लहान आहेत, आईवडील म्हातारे होतायत, परत यायची वाट उघडी ठेवणं मला गरजेचं वाटलं.

घर आम्ही बेळगावात टिळकवाडीला हलवलं. मुलीला शारजाच्या शाळेत कन्नडचा गंध नव्हता, इथं शाळेत कन्नड शिकावंच लागतं, पहिले काही महिने रडायची, आता शेजारच्या पोरींबरोबर माझ्यापेक्षा चांगलं बोलते. टॅक्सचंही सांगून ठेवतो, भारतात वर्षाला किती दिवस राहता त्यावर तुम्ही एनआरआय की रहिवासी ते ठरतं, १८२ दिवसांची सर्वसाधारण रेषा आहे पण इथं शेती सोडून भाडं-व्याजाचं वगैरे मोठं उत्पन्न असेल तर हिशोब आणखी लवकर बदलतो, त्यामुळं पंधरा-पंधराच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी सही करायच्या आधी सीएकडं जाऊन बसायचं, नंतर नाही. बाँड किती वर्षांचा आणि मधे सोडलं तर किती भरायचं हेही त्याच कागदावर असतं.

नुकतंच सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, झालेल्या पोरांसाठी एवढंच की २०० तासांच्या फ्लाइंगवर परदेशात मोठ्या फ्रेटरची नोकरी शोधत बसू नका, त्या जागा जेटवर तास झालेल्यांना मिळतात. आधी इथं प्रवासी एअरलाइनमध्ये जा, ए ३२० किंवा ७३७ वर तास करा, आणि देशातच कार्गो करायचं असेल तर चेन्नईची ब्लू डार्ट एव्हिएशन १९९६ पासून उडतेय, तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. ज्यांच्या हातात परदेशातली ऑफर आहे त्यांनी कंपनीचं नाव खोडून रोस्टरचं आणि ऑफ-डेचं पान मला पाठवा, मी घरी असेन त्या दिवसांत शांतपणे वाचून सांगतो, फ्लाइंगवर असेन तर थोडा उशीर होईल.