आमची वाटचाल : डेबियनच्या भरवशावर

इंदूरमध्ये कॉम्प्युटरचे काम निघाले की लोक जेल रोड गाठतात किंवा आरएनटी मार्ग. आमचे दुकान या दोन्ही ठिकाणी नाही. ते रामबागेकडच्या एका गल्लीत आहे आणि तरीही वकील, छापखानेवाले, शिकवणी घेणारे असे गिऱ्हाईक तिथे शोधत येते. याचे कारण आम्ही २०१४ साली केलेल्या एका निवडीत आहे : गिऱ्हाइकांच्या मशिनांवर विंडोजऐवजी डेबियन बसवायचे. डेबियन हा लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीचा एक प्रकार. त्या निवडीची झळ आम्ही सोसली आणि तिचे श्रेय आज भलतेच लोक घेत आहेत, म्हणून हा वृत्तांत लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात माझी आणि मामेभावाची, दोघांची. उबंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार; तो बनवणारे त्या काळी मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवीत असत. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. त्या सीड्यांचा गठ्ठा मामेभावाच्या टेबलावर असे आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनवर तो आधी ती लावून पाही. ‘लाइव्ह’ सीडीवर, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी थेट सीडीवरून, मशीन नीट चालले तर हार्ड डिस्क किंवा विंडोज दोषी, आणि तिथेही अडखळले तर रॅम किंवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), हा त्याचा पहिला निकष. आजही आम्ही पेन ड्राइव्हवरून तेच करतो. मदरबोर्डाचा दोष दाखवणाऱ्या डिबग कार्डावरचे दोन आकडे वाचणे, रॅमला रात्रभर मेमटेस्ट ही चाचणी लावणे, डिस्क स्वतःच्या प्रकृतीचा ठेवते तो ‘स्मार्ट’ अहवाल काढून निकामी सेक्टरांचा आकडा पाहणे, ही कामे केल्याशिवाय कोणतीही प्रणाली बसवू नये. आणि मदरबोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल जरूर बदलावा. तो संपला की तारीख मागे जाते, बँकेच्या वेबसाइटचे प्रमाणपत्र ब्राउझर नाकारतो आणि लोक इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे, संपवला, तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांकडे एक जीबी रॅमची पेंटियम मशिने होती. त्यांवर विंडोज ७ रखडत चाले आणि नवा परवाना घ्यावा तर तो मशीनच्या किमतीवर जाई. चोरीचे विंडोज बसवायचे नाही, एवढे आमचे ठरलेले होते. प्रश्न फक्त कोणते लिनक्स, हा होता. मामेभावाला दर सहा महिन्यांनी येणारे नवे उबंटू हवे होते. माझे म्हणणे असे की, ज्या मधल्या आवृत्त्यांना २०१३ पासून केवळ नऊ महिने आधार मिळतो, त्या वकिलाच्या कचेरीत बसवणे म्हणजे वर्षाच्या आत पुन्हा त्याच टेबलाखाली वाकणे होय. फेडोरा या लिनक्सचा आधारही सुमारे तेरा महिनेच टिकतो. मिंट हे लिनक्स वाईट नाही; घरगुती वापरासाठी, विंडोजची सवय असलेल्यांना, आम्ही तेच देतो. कचेऱ्यांसाठी मात्र मी डेबियनचा आग्रह धरला आणि तो अजून सोडलेला नाही.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, पण ठरलेल्या तारखेसाठी नव्हे, काम पुरे झाल्यावर येते. एकदा ती आली की तिच्यातील प्रोग्रॅमांचे क्रमांक बहुतांशी तेच राहतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र त्या जुन्याच क्रमांकावर आणून बसवल्या जातात. त्यामुळे अपडेटनंतर मेनूतील बटण हललेले नसते. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही, ही बाबही माझ्या लेखी तितकीच वजनदार आहे. कंपनीच्या हाती असले की काय होते, ते रेड हॅट कंपनीच्या आश्रयाखालच्या सेंटओएस या लिनक्सने दाखवले. त्याच्या आठव्या आवृत्तीचा आधार २०२९ पर्यंत मिळेल असे सांगितलेले होते. डिसेंबर २०२० मध्ये तो २०२१ च्या अखेरीस संपेल असे जाहीर झाले. डेबियनवर आम्ही एक्सएफसीई डेस्कटॉप, म्हणजे मेनू आणि खिडक्यांची मांडणी, ठेवला, कारण तो कमी रॅममध्ये चालतो आणि पाच वर्षांनीही तसाच दिसतो.

आमचे पहिले पक्के गिऱ्हाईक म्हणजे उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या एक बाई. त्यांचे सगळे मसुदे कृतिदेव फाँटमध्ये होते आणि प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००, जो या शहरात दर दुसऱ्या टेबलावर दिसतो. कृतिदेवचे फारसे अडले नाही. तो फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच बेतलेला असल्यामुळे फाइल ठरावीक फोल्डरात टाकली की लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये जुना मजकूर जसाच्या तसा उघडला. खरा कस लागला तो प्रिंटरशी. तो पोस्टस्क्रिप्ट ही प्रिंटरांची सर्वमान्य भाषा जाणत नाही, कंपनीची स्वतःची कॅप्ट ही भाषा जाणतो. त्याचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या मशीनवर ३२ बिटांच्या लायब्ररी मागतो आणि पार्श्वभूमीला चालणारी सेवा सुरू होण्याआधी प्रिंटर चालू केलेला नसला तर पान अडकून राहते. आम्ही त्यांच्या स्विचबोर्डावर ‘आधी प्रिंटर, मग कॉम्प्युटर’ अशी चिठ्ठी चिकटवली. बाई म्हणाल्या, “भाऊ, मला नवीन काही दाखवू नका. काल होते ते आज जागेवर असले की झाले.” त्यांच्या या एका वाक्यावर आम्ही पुढची अनेक गिऱ्हाइके मिळवली.

२०१७ चा जुलै मात्र आमच्या मुळावर आला. जीएसटी लागू झाला, विवरणपत्र भरण्याचे ऑफलाइन साधन विंडोज आणि एक्सेल गृहीत धरून बनवलेले होते आणि हिशेबाचा टॅली हा प्रोग्रॅम तर विंडोजवरचाच. आमचा सल्ला सरळ होता : हिशेबाचे एक मशीन रीतसर परवान्याच्या विंडोजवर ठेवावे, बाकीची आहेत तशी राहू द्यावीत. नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे शिकून तयार झालेला मुलगा गिऱ्हाइकांची वही घेऊन एका दुसऱ्या दुकानात गेला. त्या दुकानदाराने वहीतील एकेका नंबरावर फोन करून ‘लिनक्सवर जीएसटी भरता येत नाही, दंड बसेल’ असे सांगितले आणि परवान्याऐवजी ॲक्टिव्हेटर (चोरीचे विंडोज खरे भासवणारा प्रोग्रॅम) चालवून सगळीच मशिने विंडोजवर नेली, तीही आमच्या निम्म्या दरात. एका शाळेने आम्ही उभारलेल्या लॅबचे पैसे याच सबबीवर अडवून ठेवले. ते आजतागायत मिळालेले नाहीत. दिवाळीपर्यंत दुकानाचे भाडे थकले, मामेभाऊ पुण्याला नोकरीवर गेला आणि घरमालकांनी कुलूप लावण्याची भाषा केली. ज्यांच्या घरी रात्री दहाला जाऊन आम्ही मशिने सुरू करून दिली, ती मंडळी त्या काळात रस्त्यात ओळख देत नव्हती. वकीलबाईंनी मात्र वर्षभराच्या देखभालीचे पैसे न मागता आगाऊ दिले आणि आपल्या दोन सहकाऱ्यांच्या कचेऱ्या आमच्याकडे लावून दिल्या. त्यावर आम्ही तरलो.

पुढे वहीतले एक फोटोवाले स्टुडिओचा कॉम्प्युटर उचलून आमच्याकडे आले. लग्नाच्या अल्बमांच्या प्रत्येक फाइलीला परके शेपूट जोडलेले होते आणि प्रत्येक फोल्डरात खंडणीची एक चिठ्ठी पडलेली होती. क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर यांच्या आडून असा व्हायरस शिरतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्या फायली परत आल्या नाहीत. फोटोवाले परत आले, आणि त्यांच्यामागून आणखी काही जण. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, एवढे मी त्यांना सांगितले, आणि वाचकांनाही सांगतो.

त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली. डेबियनच्या २०२३ च्या बुकवर्म या आवृत्तीपासून वायफायचे फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले आणि वेगळा पेन ड्राइव्ह बाळगण्याची कटकट मिटली. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रिक्सी ही पुढची आवृत्ती आली. तिच्यात ३२ बिटांच्या मशीनसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, म्हणून जुन्या पेंटियमवाल्यांना आम्ही बुकवर्मवरच ठेवले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागत असल्यामुळे धडधाकट मशिने घेऊन लोक पुन्हा दारात उभे राहू लागले. त्याच दुकानदाराने आता ‘जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून मिळेल’ अशी पाटी लावली आहे. कोणते लिनक्स आणि त्याचा आधार कधीपर्यंत, हे त्याला अवश्य विचारावे.

आमच्याकडे येणाऱ्यांनी प्रिंटर आणि स्कॅनर यांचे मॉडेल क्रमांक आधी लिहून आणावेत. एचपीचा १०२० असेल तर तसे सांगावे, कारण त्या प्रिंटरला दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर पाठवावे लागते. टॅली वापरत असाल तर ते मशीन आणू नये. रविवारी दुकान बंद असते.