तुम्ही विचारलंत म्हणून: युरिया का टाकत नाही

"काहून जी, एवढ्या बागेला मूठभर युरिया टाकत नाही तुम्ही?" शेजारच्या काकू, दूधवाला, दोन्ही नणंदा, सगळ्यांचं विचारून झालं. कुंपणाची उंदीरमारी (हिच्या पाल्याचं खत होतं) बघून "हे रान कशाला वाढवलं?" हा जोडप्रश्नही असतोच. आजवर हसून टाळलं, आता लिहूनच टाकते.

युरिया वाईट आहे म्हणून नाही. त्यात ४६ टक्के नत्र असतं, आणि नत्र कुठून आलं याच्याशी झाडाला घेणंदेणं नसतं. हे मला माहीत आहे, कृपा करून पुन्हा समजावू नका. मी त्याऐवजी ताग पेरते: शेंगांचं पीक, फुलावर आलं की कापून खत म्हणून मातीत गाडायचं. मला बघायला आवडतं, बस. सहा आठवड्यांचा ताग हळूच उपटा, मुळं बादलीत खळखळवा. मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखानं फोडली तर आत गुलाबी, लाल पेरूच्या गरासारखी. गुलाबी म्हणजे आतले जिवाणू हवेतलं नत्र धरून राहिले. हिरवट निघाली तर काम थांबलं. हवेत ७८ टक्के नत्र असताना आपण ते पोत्यातून आणतो, याची मला गंमत वाटते. एवढंच कारण पुरत नसेल तर राहू द्या.

पण विचारणाऱ्याच्या मनात खरा प्रश्न वेगळा असतो. संत्र्याचं झाड कसं गेलं?

ते मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निवृत्त झाले त्या वर्षी लावलेलं. मी तेव्हा नवशिकी, आणि नवशिक्याला असतो तो माज अंगात. तरोटासुद्धा शेंगांचा, म्हणून तोही नत्र धरतो, असं मी लोकांना सांगत फिरायची. तरोट्याच्या मुळांना गाठीच नसतात! दर पावसाळ्यात त्याची भाजी खातो आम्ही. एकदा मुळासकट उपटून बघितला असता तरी कळलं असतं.

तर, जूनमध्ये पेरलेला ताग ऑगस्टच्या सुरुवातीला फुलावर आला. कापला, आणि संत्र्याभोवती वीतभर खोल चर खणून त्यात दाबला. खणताना मुळं तुटली, ती मी बघितली. बारीक आहेत, येतील पुन्हा, असं म्हटलं. मग चार दिवस झड लागली. आमची काळी माती एकदा भिजली की पाणी सोडत नाही. चरात हिरवं पाणी साचलं, त्याला नालीसारखा वास. पानं पिवळी पडली तेव्हा मी काय केलं असेल? नत्र कमी पडलं म्हणाले, आणि उंदीरमारीचा पाला पार खोडाला टेकेल इतका रचला.

पंधरा दिवसांनी पाला सरकवला तर सालीवर डिंक. मधासारखा, चिकट. मामाजींनी चष्मा लावला, खुरप्याच्या टोकानं साल थोडी उचलली. आत तपकिरी. "डिंक्या," एवढंच म्हणाले. मग मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, चर उकरून पाणी काढलं. दिवाळीपर्यंत पानं गळाली.

नणंदा म्हणतात, तुझ्या पाल्यानं मेलं. मी म्हणते, पाण्यानं मेलं. डिंक्या हा रोग साचलेल्या ओलीत वाढतो, आणि चरात युरिया टाकला असता तरी पाणी साचलंच असतं. हा युक्तिवाद खोटा नाही. पण चर कुणी खणला, पाला खोडाशी कुणी रचला, याचं उत्तर त्यात नाही, आणि रात्री मला तेच आठवतं.

ताग अजून पेरते, फक्त भाजीच्या वाफ्यांत. गाडल्यावर पंधरा-वीस दिवस जाऊ देते, मगच वांग्याची रोपं. वांगी बरी येतात. त्यावरून कुणाचं मत बदललेलं नाही.

यंदा मामाजींनी नवं कलम आणलं, रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं. आळं स्वतः केलं, खोडाशी मातीची भर देऊन. हात धुता धुता विचारलं, "तागाचं बी उरलं का गं?"

कुठे पेरायचं, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.